मध, प्रोपोलिस आणि तोंडातली बुरशी: त्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या अनेक ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. तोंडातल्या पांढऱ्या बुरशीवर मध, मधमाशीचं प्रोपोलिस (झाडांच्या चिकापासून ती पोळ्यासाठी बनवते तो डिंकासारखा पदार्थ) आणि खेकड्याच्या कवचातलं कायटोसान लावा. प्रयोगशाळेत सिद्ध झालंय, दुष्परिणाम शून्य, तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना चालतं, डॉक्टरची गरज नाही. दातांच्या दवाखान्यात बसणारा माणूस म्हणून यावर गप्प राहणं मला जमणार नाही.

सर्वांत घातक ओळ बाळाची. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, बोटभरही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. शौचाला होत नाही, रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही, पुढे श्वास अडकू शकतो. घुटीसोबत मध चाटवणाऱ्या आज्यांना हे घरातल्यांनीच सांगायला हवं.

‘प्रयोगशाळेत सिद्ध’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. कायटोसानवर धन विद्युतभार असतो, बुरशीच्या पेशीचा पृष्ठभाग ऋणभारित. त्यामुळे ते चिकटतं आणि पेशीचं आवरण फाडतं. दुधातलं लॅक्टोफेरिन हे प्रथिन बुरशीला लागणारं लोह पळवतं. पण प्रयोगशाळेतल्या बशीत अर्क तासन्‌तास बुरशीसोबत राहतो. तोंडात लाळ तो काही मिनिटांत धुऊन नेते. शिवाय नवा थर बसू न देणं वेगळं आणि बसलेला उखडणं वेगळं. कॅन्डिडा, म्हणजे तोंडातली हीच बुरशी, एकदा थर करून बसली की भोवती चिकट जाळं विणते. त्यातलं बीटा-ग्लुकन हे साखरेच्या लांब साखळीचं द्रव्य औषध शोषून धरतं, फ्लुकोनाझोलसारखी बुरशीवरची गोळीही तिथे कमी पडते.

हा थर कवळीच्या ॲक्रिलिकवर छान जमतो. रात्रंदिवस वरची कवळी घालणाऱ्या माणसाची कवळी काढली, की टाळ्यावर नेमका तिच्याच आकाराचा लालभडक डाग दिसतो आणि खाली शेंगाचटणीचे कण. दुखत नाही, म्हणून कुणी येत नाही. इथे मध लावणं म्हणजे बुरशीला साखर पुरवणं. कवळी रोज घासा, रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्यात नको, आकार बिघडतो.

‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हेही खरं नाही. प्रोपोलिसची ॲलर्जी होऊन तोंड सोलवटतं. झाडं आणि ऋतू बदलले की त्यातले घटक बदलतात, मग मात्रा कशी ठरवणार? बुरशीवर आपण वापरतो ते निस्टॅटिन हे औषधही निसर्गातलंच आहे. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी १९५० मध्ये ते मातीतल्या जिवाणूपासून मिळवल्याचं जाहीर केलं. ते शुद्ध केलं, मात्रा ठरली, रुग्णांवर तपासलं गेलं, तेव्हा त्याचं औषध झालं.

आणि तोंडातलं पांढरं सगळंच बुरशी नसतं. मिश्री, मावा, विडी आपल्याकडे घरोघरी आहे. कापसाने पुसल्यावर निघून खाली लाल दिसलं तर बहुधा बुरशी. घट्ट बसलेला चट्टा दोन आठवडे तसाच राहिला तर तो कर्करोगाची पहिली पायरी असू शकतो. तिथे अर्क लावत महिने घालवू नका, तुकडा तपासून घ्या. बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल तर साखर तपासा, आणि दम्याचा स्टेरॉइड पंप घेतल्यावर दर वेळी चूळ भरा.