पोटखराब्यात पैसा लावताना

साहेब, तुमच्या कंपनीला निसर्ग दुरुस्त करायचाय हे ऐकून बरं वाटलं. मन मोठं आहे, पैसा आहे आणि मार्चही जवळ आलाय. 2013च्या कंपनी कायद्यामुळे तुमच्याएवढ्या कंपनीला नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला काढावे लागतात, आणि तालुक्यातल्या शाळांच्या भिंती तर शेजारच्या कंपनीने आधीच रंगवून टाकल्यात. उरला निसर्ग. त्यात पैसा घालायचा असेल तर चार गोष्टी आधी ऐकून घ्या.

सगळं जागेवर ठरतं. बिघडलेला निसर्ग हवा, पण खरोखर बिघडलेला नको. बंद पडलेल्या दगडखाणीकडे किंवा मळीच्या पाण्याने काळ्या पडलेल्या ओढ्याकडे चुकूनही बघू नका. तिथे दुरुस्तीला खर्च येतो. शिवाय बिघडवलं कोणी, हा प्रश्न निघतो आणि त्याचं उत्तर तुमच्याच क्लबात शेजारच्या टेबलावर जेवत असतं. आपल्याला हवा तो बिघडलेला दिसणारा, पण आतून ठणठणीत निसर्ग. पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागा आणि आत वळा. सुपे, दौंड, इंदापूर, पुढे थेट नान्नजपर्यंत माळच माळ. जायचं मात्र मे महिन्यात. गवत वाळून कोळ झालेलं असतं, डोळ्यांत धूळ जाते आणि कुठल्याही संचालकाला पाहताक्षणी पटतं की इथे भयंकर काहीतरी घडलंय. श्रावणात नेलंत तर घोटाळा होईल. गुडघाभर हिरवं गवत पाहून ते विचारतील, ‘यात दुरुस्त काय करायचंय?’

कागदाची काळजी नको, ती इंग्रजांनी वाहून ठेवलीय. ज्या जमिनीतून शेतसारा वसूल होत नाही ती पड, इतकी सुटसुटीत व्याख्या. आपण ती जपली. सातबाऱ्यावर तिचा पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक जमीन, झाला आणि केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळाला स्वतंत्र रंग मिळाला. आता त्या पडीक जमिनीत लांडगा पिल्लं घालतो, खोकड बीळ करते, धाविक पक्षी उघड्यावर अंडी देतो. सुप्याला तर चिंकाऱ्यांसाठी जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं अभयारण्यही आहे. पण यातलं कोणीच सारा भरत नाही, त्यामुळे व्याख्येला धक्का लागत नाही.

जागा ठरली की हिशेब. ऑक्टोबर 2023मध्ये केंद्राने ग्रीन क्रेडिटचे, म्हणजे पर्यावरणाच्या कामाबद्दल गुण द्यायचे, नियम काढले आणि फेब्रुवारी 2024मध्ये लागवडीची पद्धत सांगितली. वनखात्याच्या ताब्यातली खालावलेली जमीन निवडायची, पैसे तुम्ही भरायचे, झाडं खातं लावणार. तेव्हाच्या नियमात हेक्टरी किमान 1100 आणि झाडामागे एक क्रेडिट. दोन्ही बाजूंनी तीन-तीन मीटरवर खड्डा घेतला की हेक्टरी 1111 बसतात. वरची अकरा मेली तरी चालतील. हे क्रेडिट पुढे दुसरीकडचं जंगल प्रकल्पाखाली घेताना भरपाईच्या लागवडीपोटी दाखवायची सोय ठेवलीय. म्हणजे इकडचा माळ मोडून झाडं उभी केली की तिकडची उभी झाडं मोडायला वाट मोकळी. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच. इथे पक्षी तेवढे खरोखरचे असतात.

त्यातला एक माळढोक. 1979मध्ये त्याच्यासाठी सोलापूर-नगरकडे सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, पुढे ते छाटत छाटत बाराशेच्या आसपास आणलं. आता नान्नजला एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. या पक्ष्याला लांबवर नजर जाईल असं उघडं रान लागतं, दाट झाडी त्याला सोसत नाही. पर्यावरणप्रेमी कंपनीने असल्या वृक्षद्वेष्ट्याच्या नादी लागू नये.

झाड कुठलं लावायचं? गिरिपुष्प. मध्य अमेरिकेतलं, भराभर वाढणारं, आणि आपल्याकडची गुरं-मेंढ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत. हा मोठाच गुण. जिवंत रोपांची टक्केवारी चांगली दिसते, कारण ते कोणाच्याच उपयोगाचं नसतं. कोणी अभ्यासू माणूस मध्येच पवन्या आणि मारवेल या गवतांचं बी पेरायचं सुचवेल, वेडी बाभूळ उपटून काढा म्हणेल, चराई फिरती ठेवा म्हणेल. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. गवताची पुंजी मुळांत, जमिनीखाली. जे ड्रोनला दिसत नाही ते ताळेबंदात मांडायचं कसं? आणि गवताच्या काडीला चेअरमनसाहेबांच्या मातोश्रींचं नाव देता येत नाही.

समारंभ नेटका करा. मागे एका कंपनीच्या वृक्षारोपणाला मला बोलावलं होतं. मंडपापासून वीसेक पावलांवर टिटवीची अंडी होती. ती बिचारी सगळा वेळ पाहुण्यांच्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होती. निवेदिकेने माइकवरून सांगितलं, ‘बघा, निसर्गही आपल्या उपक्रमाला दाद देतोय!’ टाळ्या पडल्या. अशी निवेदिका मिळाली तर सोडू नका.

मग धनगर. दिवाळीनंतर कोकणात उतरलेले त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट हिंडणारे कुटुंबांचे तांडे, पावसाच्या तोंडाला परत येतात आणि बघतात तो त्यांच्या चराईला तारेचं कुंपण, त्यावर तुमचा फलक. ते विचारतील, ‘मेंढरं कुठं न्यायची?’ हा भागधारकांचा प्रश्न नाही, त्यामुळे उत्तराची घाई करू नका. फारच झालं तर त्यांच्यातल्याच दोघांना रखवालदार नेमा. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने माळ राखला, त्याला माळात मेंढरू येऊ न देण्याचा पगार द्यायचा. याला वार्षिक अहवालात स्थानिकांचा सहभाग म्हणतात, फोटोसह.

एका ठिकाणी मात्र जाऊ नका: गडचिरोलीतलं मेंढा लेखा. तिथल्या ग्रामसभेला 2009मध्ये अठराशे हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही हातात आलं. तेव्हापासून ते आपला बांबू आपण तोडतात आणि आपण विकतात. तुमच्यासाठी ही गुंतवणुकीची जागाच नाही. फलक लावायला त्यांच्या संमतीची गरज, निर्णय एकमताने होतात आणि अभ्यासगटात बसून कागदाची ओळन्‌ओळ वाचतात. तुमचा करार तीस पानी, त्यातली अट क्रमांक सतरा त्यांनी पहिल्याच बैठकीत काढली असती.

आता एक वाईट बातमी. ऑगस्ट 2025मध्ये नियम जरा कडक झाले. पाच वर्षं थांबायचं, जगलेलीच झाडं मोजायची, आणि जमिनीवर किमान 40 टक्के छत्र धरलेलं हवं. तुमच्या सल्लागाराला घाम फुटला असेल. तुम्ही घाबरू नका. नियम झाडांवरच आहे, माळावर नाही. चाळीस टक्के सावली धरली म्हणजे माळ माळ राहत नाही, पण क्रेडिट तर तेव्हाच मिळतं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी पुऱ्या होतात, वेगळी मोजणी लागत नाही.

फक्त तारीख सांभाळा. मोजणारे येणार असतील तर त्यांना श्रावण-भाद्रपदात बोलवा. गिरिपुष्प हिवाळा सरता सरता पानं टाकतं, फेब्रुवारीत आले तर नुसत्या काठ्या दिसतील आणि खाली ऊन. हां, तुमच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठाचा फोटो मात्र फेब्रुवारीतच काढा. तेव्हा त्या काठ्यांना फिक्या गुलाबी फुलांचे घोस येतात. फार छान दिसतं.