मुलांना शेअरबाजार शिकवायचाच असेल, तर १८६५ च्या मुंबईचा शिकवा

हल्ली बऱ्याच शाळांमध्ये आर्थिक साक्षरतेच्या नावाखाली शेअरबाजाराचा खेळ घेतात. प्रत्येकाला खोटे एक लाख रुपये द्यायचे, महिनाभर खरेदी-विक्री करू द्यायची आणि शेवटी ज्याच्याकडे जास्त पैसे त्याला बक्षीस. माझा याला विरोध आहे. महिनाभराच्या खेळात पहिला येतो तो बहुतेक वेळा सगळ्यात बेधडक पैसे लावणारा, आणि कौतुक आपण नेमकं त्याचंच करतो. सेबीने, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (पुढच्या भावावर पैसे लावण्याच्या व्यवहारांत) उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तीन वर्षांत तोट्यात गेले होते. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. ही मुलं चार-पाच वर्षांत त्याच बाजारात उतरणार आहेत.

मी नववीला इतिहास शिकवते. माझ्या वर्गात खेळ होतो तो १८६४-६५ च्या मुंबईचा, आणि त्यातली माणसं खरी असतात.

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाचे भाव गगनाला भिडले. लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला असं सांगतात. आलेला पैसा नव्या बँकांत, कंपन्यांत, समुद्र बुजवण्याच्या योजनांत गेला. त्यातल्याच बॅकबे रेक्लमेशन या कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरला ५०,००० पर्यंत भाव आला.

खेळात एकाला त्या काळचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांचं कार्ड मिळतं, एकाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं, एकाला नसरवानजी टाटांचं. त्यांचे चिरंजीव जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये, म्हणून ते कार्ड घेणारा वर्गाच्या दुसऱ्या टोकाला बसतो. आणखी दोन मुलं बँक ऑफ बॉम्बे ही त्या वेळची बँक चालवतात. नियम त्या काळचेच. शेअर घ्या, तोच बँकेकडे तारण ठेवा, मिळालेल्या कर्जातून पुढचा शेअर घ्या. शिवाय वायदे करा, म्हणजे भाव आज ठरवा आणि पैसे नंतर द्या; त्यांचा हिशेब १ जुलै १८६५ ला चुकवायचा.

मग मी बातमीचं पाकीट फोडते. ९ एप्रिलला अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा सेनापती जनरल ली शरण आला, म्हणजे युद्ध संपणार, तिकडचा कापूस पुन्हा येणार आणि मुंबईचे भाव पडणार. अमेरिका ते युरोप समुद्राखालची तार तेव्हा चालू नव्हती, म्हणून बातमी आधी बोटीने युरोपात जाते आणि मग मुंबईत. आमच्याकडे ते पाकीट बाकाबाकांवरून फिरत येतं. ज्याच्या हातात आधी पडतं तो गप्प राहून विकायला लागतो आणि बाकीचे त्याच्याकडूनच खुशीने विकत घेत असतात. हे पाहताना दरवेळी माझ्या पोटात कालवतं. बाजारात माहिती सगळ्यांना एकाच वेळी मिळत नाही, हे मुलांना त्या पाच मिनिटांत जेवढं कळतं तेवढं माझ्या तासाभराच्या व्याख्यानाने कळत नाही.

१ जुलैला कोणाकडेच पैसे नसतात. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० ला गेला होता, तो ८७ रुपयांवर येतो. भाऊ दाजींचं कार्ड घेतलेली एक मुलगी मला म्हणाली, "बाई, हे तर डॉक्टर होते, एवढे विद्वान. ह्यांनी का घातले पैसे?" हा प्रश्न मुलांच्या तोंडून यावा यासाठीच मी खऱ्या माणसांचा आग्रह धरते. 'खेळाडू क्रमांक चार' बुडाला तर कोणाला काही वाटत नाही. गरिबांवर मोफत उपचार करणारा, शिलालेख वाचणारा माणूस त्या लाटेत सापडला, हे कळलं की हुशार माणूस फसत नाही हा समज तिथेच गळून पडतो.

प्रेमचंदांबद्दल तर वर्गात भांडणंच होतात. विद्यापीठाच्या मनोऱ्यासाठी त्यांनी आईच्या नावाने २ लाख रुपये दिले, तो राजाबाई टॉवर आजही उभा आहे. पण कच्च्या तारणावर वाटलेल्या ज्या कर्जांनी बँक बुडाली, त्यातही त्यांचा हात होता. दोन्ही खरं आहे. मी निवाडा देत नाही.

एका कार्डाला मात्र नाव नाही, आणि ते नसेल तर हा खेळ घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. ते शेतकऱ्याचं. त्याला शेअर घेता येत नाही. तेजीत सावकार सढळ हाताने कर्ज देतो, भाव पडल्यावर हात आखडता घेतो, वर सरकार शेतसारा वाढवतं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्याच वर्षी ९ जुलैला मुंबईच्या दलालांनी आपली संघटना स्थापली, आजच्या बीएसईचं, म्हणजे मुंबई शेअरबाजाराचं, मूळ तिथलं. पाठ्यपुस्तकात शेतकऱ्यांचे हे दख्खनचे दंगे एका धड्यात असतात आणि शेअरबाजार इतिहासात जवळपास नसतोच. मुलांनी ही दोन्ही टोकं एकाच फळ्यावर पाहायला हवीत.

काही पालक म्हणतात, आजचे भाव घेऊन खेळवा, मुलांना उपयोग होईल. सेबीने आभासी खेळांना ताजे भाव पुरवायला २०२४ मध्येच बंदी घातली आहे, आणि ती योग्यच आहे. १८६५ चे भाव पाहून कोणी संध्याकाळी वडिलांच्या फोनवरून ऑर्डर टाकणार नाही.

ज्या शिक्षकांना हा खेळ घ्यायचा असेल त्यांनी कमेंटमध्ये लिहा, कार्डांची पीडीएफ पाठवते. दोन तास सलग लागतात, तेवढे मुख्याध्यापकांकडून मागून घ्या. आणि शेवटी बक्षीस ठेवू नका.