तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि हो, ओनरच बोलतेय

"ओनर बोलताय का?"

गेल्या सात आठवड्यांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की परवा मुलाच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला तर मी "हॅलो"च्या जागी "हो, ओनरच बोलतेय" म्हणून मोकळी झाले. बाई दोन सेकंद गप्प. बहुतेक त्यांना वाटलं असावं, मुलगा घरात काय दिवे लावतो ते आता कळलं.

तर झालंय असं. कर्वेनगरला आमचा टू बीएचके आहे. 1998 ची बिल्डिंग, 620 चौरस फूट कार्पेट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेले. त्या खाली उतरतात ते फक्त दवाखान्यासाठी, आणि वर येताना प्रत्येक मजल्यावर पाच मिनिटं बसतात. म्हणून हा विकून लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये जायचं ठरवलं. गल्लीतल्या एजंटला विचारलं, तर तो म्हणाला दोन टक्के. 78 लाखांचे दोन टक्के म्हणजे 1,56,000. वर 18 टक्के जीएसटी लावला तर आणखी 28,080. नवरा म्हणाला, "एवढे कशाचे द्यायचे? चार फोटो काढायचे, जाहिरात टाकायची, आलेले फोन घ्यायचे. तेवढं आपण करू." आमच्या घरात "आपण" या शब्दाचा अर्थ काय होतो हे लग्न झालेल्या बायकांना सांगायला नको.

जाहिरात टाकली. मोबाइलवरच्या प्रॉपर्टीच्या साइटवर टाकली, पेपरातल्या छोट्या जाहिरातीत दिली, दोन-तीन व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवली. शिवाय खालच्या गेटवर कागद चिकटवला: "2 बीएचके विकणे आहे. तिसरा मजला. लिफ्ट नाही. दलालांनी फोन करू नये. 'मी दलाल नाही, पण' अशी सुरुवात करणाऱ्यांनीही करू नये." पुण्यात राहून एवढी पाटी लिहिता आली नाही तर काय उपयोग.

पहिल्या दिवशी 43 फोन आले. मी हरखले. म्हटलं, रविवारपर्यंत टोकन हातात. 43 पैकी 38 एजंट. ट्रूकॉलरवर ढळढळीत "अमुक प्रॉपर्टीज" असं नाव दिसतंय आणि समोरचा म्हणतोय, "मॅडम, माझ्यासाठीच बघतोय, फॅमिलीसाठी." मी विचारलं, फॅमिलीत किती जण? तर म्हणाला, "तुम्ही एकदा चावी देऊन ठेवा ना." कुठली फॅमिली पहिल्याच फोनला चावी मागते हो? एकाला सरळ सांगितलं की आम्हाला एजंट नकोय, तर तो इतका दुखावला की मलाच वाईट वाटलं. "मॅडम, एजंटशिवाय पुण्यात फ्लॅट विकला जातो का कधी?" जणू मी सूर्य पश्चिमेला उगवायला सांगत होते.

उरलेल्या पाचांतले तिघं म्हणाले, "72 ला आहे ना?" म्हटलं नाही, 78. "पण आम्हाला तर 72 कळलंय." कुठून कळलं? "असंच, कळलं." ही 72 ची भानगड लक्षात ठेवा, पुढे येतेच आहे.

साइटवाल्यांचं आणखी वेगळंच. जाहिरात फुकट म्हणून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या "रिलेशनशिप मॅनेजर"चा फोन. कोणाची कोणाशी रिलेशनशिप, देव जाणे. "मॅडम, तुमची जाहिरात चौथ्या पानावर आहे. आमचं पॅकेज घेतलं की पहिल्या पानावर येईल, आणि फक्त जेन्युइन बायर." म्हणजे आत्ता येतायत ते जेन्युइन नाहीत हे त्यांनाही ठाऊक आहे! ते पॅकेज मी घेतलं, हे नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. पॅकेज घेतल्यावर रोजचे फोन 43 वरून 60 वर गेले. एजंटांचेच, पण पहिल्या पानावरून आलेले.

बरं, जे खरोखर घर बघायला आले त्यांच्याबद्दल आता बोलते.

जाहिरातीत, पाटीवर आणि फोनवर, तीन ठिकाणी सांगितलंय की लिफ्ट नाही. तरी लोक तीन जिने चढून येतात, दारात उभं राहून धापा टाकतात, पाणी मागतात, पाणी पितात, आणि रिकामा ग्लास माझ्या हातात देत म्हणतात, "लिफ्ट नाही का?" नाही हो! नाहीये! म्हणूनच विकतोय! आणि हे म्हणायचीही सोय नाही, कारण म्हटलं की भाव लगेच तीन लाखांनी खाली.

"का विकताय?" हा तर ठेवणीतला प्रश्न. खरं कारण सांगितलं तर लिफ्टवर घसरतात, नाही सांगितलं तर संशय. एक बाई आवाज अगदी खाली आणून मला विचारतात, "घरात काही झालं नाही ना?" आतल्या खोलीत सासूबाई सिरियल बघत होत्या. त्यांनी तिथूनच आवाज दिला, "अजून नाही झालं, या आत!" बाईंनी हॉलसुद्धा पुरता पाहिला नाही.

एक गृहस्थ मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन घरभर फिरले. स्वयंपाकघर आग्नेयेला नाही म्हणून हळहळले. मग संडासात शिरून फ्लश तीनदा ओढला, बेडरूमच्या भिंती डॉक्टर पाठ ठोकतात तशा ठोकल्या, माझं कपाट उघडलं (हो, माझं, साड्यांचं!) आणि शेवटी म्हणाले, "आम्हाला खरं तर थ्री बीएचके हवाय." अहो, मग चार वाजल्यापासून तुम्ही इथे कशाचं मोजमाप करत होतात? त्यांच्या चिरंजीवांनी तोपर्यंत आमच्या सोफ्यावर चिवड्याचा अभिषेक केला होता. चिवडा मीच दिलेला. रविवारी अकरा ते सात घर आवरून बसायचं, फरशी पुसायची, गॅसवर मासे-बिसे काही करायचं नाही, दोरीवरचे कपडे काढायचे, आणि "15 मिनिटांत पोचतो" म्हणणाऱ्याने फोन बंद करून ठेवायचा. आम्ही राहतो त्या घरात आम्हीच पाहुण्यासारखे कडेकडेने बसतोय.

पैशांचं बोलणं तर विचारू नका. एक उत्साही तरुण आला, सॉफ्टवेअरमधला, छान इस्त्रीचा शर्ट. म्हणाला, टीडीएसचा एक टक्का मला भरावा लागणार, तेवढे 78,000 कमी करा. मी समजावलं की बाळा, 50 लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात तो एक टक्का तू मला द्यायच्या रकमेतून कापून सरकारजमा करायचा असतो, तो माझाच टॅक्स आहे, तुझ्या खिशाला काही लागत नाही. त्याने मोबाइलवर पाच मिनिटं काहीतरी वाचलं आणि म्हणाला, "तरी पण, काहीतरी करा."

दुसऱ्याने बसल्याबसल्या विचारलं, "चेकने किती, वरून किती?" म्हटलं, सगळे चेकने. तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी त्याच्याकडे किडनी मागितली. "50 चेकने करू, 28 वरून. तुमचाही टॅक्स वाचेल, माझीही स्टॅम्प ड्युटी." साहेब, रेडी रेकनर नावाचं सरकारी कोष्टक असतं. करारात तुम्ही कितीही कमी लिहा, त्या कोष्टकाप्रमाणे किंमत जास्त निघत असेल तर ड्युटी त्याच किमतीवर लागते. आणि घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड बसू शकतो, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला, म्हणजे मला. एवढं सगळं मी एका दमात म्हटलं, तर म्हणाला, "तुम्ही सीए आहात का?" नाही हो. दीड लाख वाचवायला निघालेली बाई आहे. रात्री बारा वाजता हे वाचत बसते.

तिसऱ्याने 11,000 टोकन देऊ केलं आणि अट काय, तर लोन मंजूर होईपर्यंत दोन महिने कोणाला दाखवायचा नाही. 11,000 मध्ये दोन महिने! या भागात एवढ्यात भाड्याने टू बीएचके कोणी देईल का?

यात सोसायटी मागे कशी राहील. खरेदीदाराची बँक सोसायटीचा ना हरकत दाखला मागते, म्हणून सेक्रेटरींकडे गेले. वीस वर्षांची ओळख, दर गणपतीत माझ्या हातचे मोदक खाल्लेला माणूस. म्हणाले, "वहिनी, दाखला देऊ की. फक्त बिल्डिंग फंडाला लाखभर देणगी द्या." देणगी! फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते तो ट्रान्सफरचा प्रीमियम महापालिकेच्या हद्दीत जास्तीत जास्त 25,000, आणि देणगी किंवा दुसऱ्या कुठल्याही नावाखाली त्याच्या वर काही घ्यायचं नाही, हे सरकारने 2001 सालीच परिपत्रक काढून सांगितलंय. मी त्याची प्रिंट नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, चष्मा काढला आणि म्हणाले, "कमिटीपुढे ठेवतो." कमिटीची मीटिंग गेले तीन रविवार कोरमअभावी होत नाहीये. मोदक बंद.

आता 72 वर येते.

परवा मावसबहिणीने एक लिंक पाठवली. "अगं, हा तुमच्यासारखाच दिसतोय." उघडून बघते तर आमचाच! आमचाच हॉल, आमचाच ओटा. मी काढलेले फोटो. फ्रिजवर सासूबाईंची लिंबाच्या लोणच्याची बरणी, तिला बांधलेल्या फडक्यासकट. बाल्कनीच्या फोटोत कोपऱ्यात नवऱ्याचा बनियन, जो मी शंभरदा सांगूनही दोरीवर तसाच राहिला होता. आणि खाली मजकूर: "मालक परदेशात. तातडीने विक्री. 72 लाख. भावात बोलता येईल. लिफ्टची सोय होणार."

मालक परदेशात! मला सकाळच्या रहदारीत डेक्कन गाठायला पाऊण तास लागतो, परदेशात कुठली जाते मी. आणि लिफ्ट कोण बसवतंय? तुझे तीर्थरूप?

डोकं इतकं फिरलं की सासूबाईंचा फोन घेतला आणि त्या नंबरवर लावला. आवाज बदलला नाही, गरजच पडली नाही.

"नमस्कार, तो कर्वेनगरचा फ्लॅट आहे का अजून?"

"आहे ना मॅडम! फार डिमांड आहे. पण तुमच्यासाठी धरून ठेवतो."

"मालक परदेशात आहेत म्हणे?"

"दुबईला. माझ्या अगदी घरचे आहेत. मी शब्द टाकला की 70 ला पण देतील. बायको जरा किरकिरी आहे, पण तिला मी बघून घेतो."

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, फोन स्पीकरवर. "किरकिरी" या शब्दाला त्यांनी मान डोलावली, ते मी पाहिलं.

मी म्हटलं, बघायला कधी येऊ? "रविवारी 11 वाजता या, चावी माझ्याकडेच असते." बजेट विचारलं, 75 पर्यंत सांगितलं. लोनचं विचारलं, नको म्हटलं, पैसे तयार आहेत. त्याचा आवाज तुपात घोळल्यासारखा झाला.

फोन ठेवला. चार मिनिटंसुद्धा झाली नसतील, माझा स्वतःचा फोन वाजला. ट्रूकॉलरवर तोच, अमुक प्रॉपर्टीज.

"ओनर बोलताय का?"

"हो, ओनरच."

"मॅडम, एक अगदी जेन्युइन पार्टी आहे. लोनची भानगड नाही, पैसे हातात. बाई फार इंटरेस्टेड आहेत, आत्ताच समोर बसून गेल्या माझ्या ऑफिसात. रविवारी 11 ला घेऊन येऊ का? आपलं काही नाही, दोन टक्के फक्त."

सासूबाई तोंडावर पदर धरून हसत होत्या. मी म्हटलं, "आणा की. नक्की आणा. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही."

"चालतंय मॅडम, त्यांना मी सांगितलंय."

उद्या रविवार आहे. फरशी पुसणार नाहीये, सकाळीच सुरमई तळायला घेणार आहे, आणि तो बनियन दोरीवर तसाच राहणार आहे.