जुन्या फोनला थिनर लावण्यापूर्वी

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की आमच्याकडे माळ्यावरचं सामान खाली येतं, आणि नेमका तेव्हाच एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला. मजकूर साधारण असा: ‘जुना डायलचा फोन भंगारात देऊ नका. थिनरने किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने पुसा, टूथपेस्टने घासा, रात्रभर ब्लीचमध्ये बुडवा, दिवसभर उन्हात ठेवा, डायलमध्ये खोबरेल तेल सोडा. प्लास्टिक नवंकोरं!’

पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. घोटाळा दुसऱ्यापासून सुरू होतो, कारण ‘प्लास्टिक’ नावाची एकच वस्तू असल्यासारखं ते लिहिलंय.

काळा, जड, नखाने टकटक केल्यावर बद्द वाजणारा फोन बहुधा बेकेलाइटचा. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून केलेलं हे प्लास्टिक एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. आत बहुतेक वेळा लाकडाचा भुसा असतो. अंगठ्याने जोरात घासून वास घ्या, कार्बोलिक साबणासारखा भपकारा येतो. (गरम सुई टोचून बघायचा सल्लाही फिरतो. भोक तेवढं मिळतं.) नंतरचे हलके, हस्तिदंती, लाल, हिरवे फोन बहुतेक एबीएस नावाच्या प्लास्टिकचे. ब्रिटिश पोस्टाने १९५९ पासूनच्या टेलिफोनच्या ७०० मालिकेत बेकेलाइट सोडून हलकं प्लास्टिक घेतलं.

आता थिनर आणि रिमूव्हर. रिमूव्हरमध्ये बहुधा अॅसिटोन असतं आणि अॅसिटोनमध्ये एबीएस विरघळतं. हे मी पुस्तकात वाचण्याआधी स्वतःच्या हाताने शिकलो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या हस्तिदंती फोनवर कुणीतरी बॉलपेनने नंबर लिहून ठेवला होता. बोळा फिरवला. शाई गेली, पण खालचा भाग डिंकासारखा चिकट झाला, कापसाचे तंतू त्यात रुतले आणि घाबरून बोट लावलं तर अंगठ्याच्या रेषाही उमटल्या. तो फोन आता ती बाजू भिंतीकडे करून ठेवलाय. बेकेलाइट मात्र अॅसिटोनने विरघळत नाही. म्हणूनच ‘आमच्या काळ्या फोनला काही झालं नाही’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत, आणि म्हणूनच हा मेसेज मरत नाही.

टूथपेस्टचं नेमकं उलट. बेकेलाइटची चकाकी वरच्या पातळ थरात असते. तो घासला गेला की आतला भुसा उघडा पडतो, फोन मातकट दिसतो, आणि गेलेला थर परत येत नाही. शिवाय काही बेकेलाइटमध्ये अॅस्बेस्टॉसही मिसळत, तेव्हा कोरडा पॉलिश पेपर मारायचं तर नावच नको. ओलसर फडक्याने पुसून, लगेच कोरडं करून मेण लावावं, बस्स.

ब्लीच कशासाठी, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. एबीएसचा पिवळेपणा मळ नसतो; ऊन आणि हवेतला ऑक्सिजन यांनी प्लास्टिकमध्येच घडवलेला बदल असतो. ब्लीचने तो जात नाही, स्क्रू मात्र गंजतात आणि बेकेलाइट निस्तेज होतं. त्यात कुणी जोर यावा म्हणून टॉयलेट क्लीनरचं अॅसिड ओतलं तर क्लोरीन वायू निघतो, तोही पावसामुळे खिडक्या बंद केलेल्या न्हाणीघरात.

उन्हाच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील किरण मिळून एबीएसचा पिवळेपणा खरंच उतरवतात. जुन्या कॉम्प्युटरचे शौकीन २००८ पासून हे करत आहेत. औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं द्रावण चालतं, पण हातमोजे आणि चष्मा हवाच, कवच पूर्ण बुडलेलं हवं, नाहीतर पांढरे चट्टे पडतात. रंग काही वर्षांनी पुन्हा पिवळा पडू शकतो, आणि ठिसूळ झालेलं प्लास्टिक ठिसूळच राहतं. बेकेलाइटला हे करूच नये. आणि चवथीच्या तोंडावर गोव्यात दिवसभर ऊन? मेसेज लिहिणारा इकडचा नसावा.

खोबरेलाने मात्र मला खरंच राग येतो. डायल सोडल्यावर तो सेकंदाला सुमारे १० ठोके देत मागे फिरतो. ही गती डायलच्या आतला गव्हर्नर नावाचा भाग राखतो: दोन चिमुकली वजनं फिरताना बाहेर फाकतात आणि वाटीच्या कडेला घासून वेग आवरतात. तिथे तेल गेलं की घर्षण गेलं, डायल सुसाट सुटतो आणि एक्स्चेंजला आकडे चुकीचे कळतात. शिवाय धूळ चिकटते, आणि आमच्याकडच्या मुंग्यांना खोबरेलाचा पत्ता सांगावा लागत नाही. फिरत्या खुंटीला घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब पुरे.

शेजारच्या काकी मेसेजसकट आपला फोन घेऊन आल्या. “पिवळो जालो रे, ब्लीच घालूं?” आधी वायर काढलेलीच आहे ना बघितलं, कारण चालू लाइनवर रिंग येताना ७५ व्होल्टच्या आसपास वीज असते. मग तळाचे स्क्रू सोडवून नुसतं कवच कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, जुना टूथब्रश. बोलायच्या बाजूची कार्बनची डबी पाण्यापासून लांब ठेवली. पहिल्याच फडक्यावर तपकिरी तवंग आला. फोन तीस वर्षं देवघराशेजारी होता. बराचसा ‘पिवळेपणा’ समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर निघाला. रिसीव्हर टेकायच्या खाचेतला मूळ रंग आणि बाहेरचा रंग यांत आता थोडाच फरक उरलाय. पंख्याखाली सुकत असताना काकींनी तो उचलून हुंगला आणि म्हणाल्या, अजून धुपाचा वास येतोय, तो काढू नकोस.