‘अ‍ॅप टाका, सिगारेट सुटेल’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच : सिगारेट सोडायला डॉक्टर नको, गोळ्या नकोत, निकोटीनचं च्युइंगगम तर मुळीच नको, कारण ते म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं धरणं. मोबाइलवर सिगारेट सोडवणारं अ‍ॅप टाका, जोडीला पावलं मोजणारं अ‍ॅप टाका. रोज 10 हजार पावलं चाला, निकोटीन घामावाटे निघून जाईल आणि 21 दिवसांत सवय मोडेल. शेवटची ओळ अशी की एवढं करूनही सुटली नाही, तर तुमच्यात इच्छाशक्तीच नाही.

तंबाखू सोडू पाहणाऱ्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम आहे. अ‍ॅपशी माझं वैर नाही, काही जणांना मी स्वतः अ‍ॅप घ्यायला सांगते. पण या संदेशामुळे लोक औषध अर्ध्यावर टाकतात आणि मग स्वतःलाच दोष देत बसतात, हे मी समोर बघते आहे. म्हणून त्यातलं एकेक म्हणणं तपासून घेते.

घामाचं आधी, कारण ते लवकर संपतं. निकोटीनची विल्हेवाट मुख्यतः यकृतात लागते आणि उरलेलं लघवीवाटे जातं. घामातून जातं ते अगदी किरकोळ. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि दोन-तीन दिवसांत शरीर जवळपास मोकळं होतं. तुम्ही चाला किंवा पलंगावर पडून राहा, या वेळात फारसा फरक पडत नाही. त्रास खरं तर निकोटीन निघून गेल्यावर सुरू होतो, कारण मेंदूला त्याची सवय झालेली असते. तेव्हा ‘बाहेर काढणं’ हा प्रश्नच नाही.

21 दिवसांचा आकडा 1960 साली एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने लिहिलेल्या निरीक्षणातून आला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे ‘किमान’ गळलं आणि चेहऱ्याच्या जागी प्रत्येक सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा 2010 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. जेवणासोबत फळ खाणं किंवा थोडं चालणं यासारखी साधी गोष्ट अंगवळणी पडायला तिथे निम्म्या लोकांना 66 किंवा त्याहून जास्त दिवस लागले. कुणाचं 18 दिवसांत झालं, तर कुणाचा हिशेब 254 दिवसांपर्यंत गेला. हे झालं नवी सवय लावण्याबद्दल. निकोटीनचं अवलंबित्व सोडणं त्याहून कितीतरी अवघड.

तरीही तीन आठवड्यांत काहीतरी खरं आहे, ते नाकारणार नाही. चिडचिड, झोप न लागणं, कामात लक्ष नसणं हे पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. पण तलफ मागे राहते. ती चहाच्या टपरीवर येते, भांडण झालं की येते, लग्नाच्या मांडवामागे जुने मित्र जमले की येते, आणि हे सहा महिन्यांनीही घडतं. ज्याला 21 व्या दिवशी सगळं संपलं असं सांगितलंय, तो 22 व्या दिवशी बेसावध असतो. ‘आता सुटलीच आहे, एक ओढून बघू’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की या आकड्याचा मला खराखुरा राग येतो.

आता मुख्य दावा : अ‍ॅपने सिगारेट सुटते. यावर नीट अभ्यास झालेले आहेत. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेने मोबाइलद्वारे धूम्रपान सोडवण्याच्या उपायांचा 2019 साली आढावा घेतला. त्यात साध्या एसएमएसच्या कार्यक्रमांनी सोडणाऱ्यांचं प्रमाण किमान मदत मिळालेल्यांच्या सुमारे दीडपट झालेलं दिसलं. अ‍ॅपचे तेव्हा पाचच अभ्यास होते, पुरावा कमकुवत होता, आणि हलक्या स्वरूपाच्या मदतीपेक्षा अ‍ॅप सरस ठरत असल्याचं त्यातून दिसलं नाही. एसएमएसचा गाजलेला प्रयोग ब्रिटनमधला, 2011 चा, 5,800 धूम्रपान करणाऱ्यांवर केलेला. सहा महिन्यांनी लाळेची तपासणी करून पाहिलं तर सोडण्याचे संदेश मिळणाऱ्यांपैकी 10.7 टक्के जणांची सुटलेली होती, असे संदेश न मिळालेल्या गटात 4.9 टक्के. त्या कार्यक्रमात एक सोय होती. तलफ आली किंवा एखादी ओढली गेली की एक ठरावीक शब्द पाठवायचा, लगेच मदतीचा मजकूर येई. ना रंगीत पडदा, ना पदकं.

चांगलं अ‍ॅप असतच नाही असं मात्र नाही. अमेरिकेत सिएटलच्या संशोधकांनी 2,415 धूम्रपान करणाऱ्यांवर दोन अ‍ॅपची तुलना केली आणि 2020 साली निष्कर्ष छापले. ‘आयकॅनक्विट’ वापरणाऱ्यांपैकी 28 टक्के जणांनी वर्षभरानंतर आदल्या 30 दिवसांत ओढली नसल्याचं सांगितलं. सरकारी ‘क्विटगाइड’ वापरणाऱ्यांत हे प्रमाण 21 टक्के होतं. पहिलं अ‍ॅप तलफेशी झुंजायला लावत नाही. ती आली आहे हे ओळखा, तिला येऊ द्या, जाऊ द्या, हात पाकिटाकडे नेऊ नका, एवढं ते पुन्हा पुन्हा शिकवतं. म्हणजे अ‍ॅपच्या आत काय आहे याला महत्त्व आहे. आणि याच अभ्यासात चांगलं अ‍ॅप हातात असूनही दहातल्या सात जणांची सुटली नव्हती, हेही तितकंच ठळक सांगायला हवं. आयफोनवरच्या अशा 47 अ‍ॅपची तपासणी 2011 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा बहुतेकांत वैद्यकीय मार्गदर्शक सूचना पाळलेल्या नव्हत्या. औषधाचा किंवा हेल्पलाइनचा उल्लेखही क्वचित. संदेश मात्र ‘कुठलंही अ‍ॅप टाका’ म्हणतो.

सगळ्यात घातक वाक्य च्युइंगगमबद्दलचं आहे, त्यामुळे त्यावर जरा थांबते. सिगारेटमध्ये व्यसन लावतं निकोटीन, आणि कर्करोग, हृदयविकार, फुप्फुसांचा ऱ्हास यांना मुख्यतः कारणीभूत असतो तो धूर, म्हणजे त्यातलं डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर विषारी द्रव्यं. झुरका मारला की निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, म्हणून पकड एवढी घट्ट. गममधून ते हळूहळू आणि कमी प्रमाणात मिळतं. तलफेची धार बोथट होते आणि मग मात्रा उतरवत आणता येते. गम, पॅच (त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) यांसारख्या उपायांनी सोडण्यात यश येण्याची शक्यता 50 ते 60 टक्क्यांनी वाढते, हे कोक्रेनच्या आढाव्यात भक्कमपणे दिसलेलं आहे. कशाच्याही आधाराविना सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात, हे लक्षात घेतलं की या वाढीची किंमत कळते. व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळ्या याहून परिणामकारक आहेत, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या. गरोदर स्त्रियांनी किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी गमही विचारूनच घ्यावं.

‘गमने काही होत नाही’ म्हणणारे बरेचजण ते चुकीचं चघळतात. साधं च्युइंगगम खातात तसं ते भराभर चावतात, लाळ गिळतात, मग उचक्या लागतात, घसा जळतो, मळमळतं आणि पाकीट फेकून दिलं जातं. ते हळू चावायचं. जिभेला चरचर जाणवली की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं. चरचर गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचं, जागा बदलायची. असं साधारण अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत काही नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलंच जात नाही. हे कुणीतरी समोर बसून दाखवावं लागतं. आपल्याकडे 2 मिलिग्रॅमचं गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, पण काउंटरवर हे सांगायला कुणाला वेळ नसतो.

10 हजार पावलांचं मूळ जपानमध्ये आहे. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 साली तिथल्या एका कंपनीने पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि हा गोल आकडा त्याच्या नावातच घातला. तो कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून आलेला नव्हता. सरासरी 72 वर्षांच्या अमेरिकी स्त्रियांवरच्या 2019 च्या अभ्यासात, दिवसाला सुमारे 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांचं मृत्युप्रमाण स्पष्टपणे कमी दिसलं, आणि 7,500 च्या आसपास फायदा स्थिरावला. 15 अभ्यास एकत्र करून 2022 साली केलेल्या पाहणीत साठीपुढच्यांसाठी 6 ते 8 हजार आणि त्याखालच्यांसाठी 8 ते 10 हजारांवर फायद्याचा आलेख सपाट होत गेला. ज्याची आजची चाल तीन हजार आहे, त्याने पाच हजार केली तरी त्याला खूप काही मिळतं. वीस वर्षं ओढलेल्या, जिना चढताना धाप लागणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी 10 हजारांवर सोडणं मात्र बेजबाबदारपणाचं आहे. चालताना छातीत दाटत असेल तर आधी तपासणी.

पावलं मोजणाऱ्या साधनांनी माणूस चालतो का? चालतो. 2022 च्या एका मोठ्या आढाव्यात दिवसाला सरासरी 1,800 पावलांची वाढ दिसली. अडचण टिकण्याची आहे. सिंगापूरमध्ये 800 नोकरदारांवर झालेल्या प्रयोगात पावलं मोजणारं यंत्र मिळालेल्यांपैकी जेमतेम दहा टक्के लोक वर्षअखेरीस ते वापरत होते.

चालण्याने सिगारेट सुटते का, याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. तलफ आली असताना पाच-दहा मिनिटं झपाझप चाललं तर ती त्या वेळेपुरती उतरते, हे अनेक प्रयोगांत दिसलंय आणि मी ते प्रत्येकाला सांगते. पण व्यायामाची जोड दिल्याने सहा महिन्यांनंतर सुटलेल्यांची संख्या वाढते, असा भरवशाचा पुरावा 2019 च्या कोक्रेन आढाव्याला सापडला नाही. तरीही चाला. सिगारेट सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं, आणि त्या धास्तीने परत ओढायला लागलेली माणसं मला माहीत आहेत.

राहिलं ते इच्छाशक्तीचं वाक्य. एक रिक्षाचालक माझ्याकडे येत होते. औषधाच्या वाटेला न जाता त्यांनी अ‍ॅप घेतलं होतं. त्यात हिरव्या गोलात दिवसांचा आकडा रोज वाढायचा, खाली वाचलेले पैसे दिसायचे. आकडा 19 वर गेला आणि मेहुण्याच्या हळदीला त्यांनी एक ओढली. प्रामाणिक माणूस, रात्री तशी नोंद केली. अ‍ॅपने गोल करडा करून आत शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर फोन धरून म्हणाले, “ताई, हे बघा. एकोणीस दिवस पाण्यात. माझ्याच्याने नाही व्हायचं.” हळदीच्या त्या रात्रीनंतर सकाळी त्यांनी पूर्ण पाकीट घेतलं होतं.

ते एकोणीस दिवस कुठेही गेले नव्हते. एक ओढली गेली, तर कुठे, कुणासोबत, किती वाजता हे बघायचं आणि पुढच्या वेळची तयारी करायची, एवढाच त्याचा अर्थ. यशस्वीपणे सोडणाऱ्या बहुतेकांचे आधीचे प्रयत्न फसलेले असतात. 2016-17 च्या तंबाखूविषयीच्या राष्ट्रीय पाहणीत भारतातल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी 38.5 टक्के जणांनी आदल्या वर्षभरात सोडायचा प्रयत्न केलेला होता. इच्छा नाही असं यांना कोण म्हणेल? या माणसांना साधन अपुरं मिळालं. ते साधन अपुरं होतं हे लपवून दोष त्यांच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि महाराष्ट्रात तर हा संदेश ज्यांच्यापर्यंत पोचायला हवा त्यांच्याबद्दल बोलतच नाही. त्याच पाहणीनुसार राज्यात 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. धूम्रपान करणारे 3.8 टक्के, धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. चुना लावून मळलेली तंबाखू, खर्रा, मिशरी. एका मावशींच्या मुलाने त्यांच्यासाठी अ‍ॅप उघडलं. पहिलाच प्रश्न : दिवसाला किती सिगारेटी? दुसरा : पाकिटाची किंमत? मावशी सकाळी उठल्यावर, जेवल्यावर आणि झोपताना मिशरी लावतात, घरीच भाजतात. मुलाने बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि फोन खिशात ठेवला. फोन त्याचाच होता, दिवसभर त्याच्यासोबत कामावर जाणारा.

त्यांना मी जे दिलं ते कुठल्याही साध्या फोनवर चालतं. 1800-112-356 हा राष्ट्रीय क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे, 2018 पासून तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात तिचं केंद्र आहे आणि मराठीत बोलता येतं. सोडण्याची तारीख ठरवतात, आणि नंतर तेच फोन करून चौकशी करतात. सरकारची एसएमएसची सेवा वेगळी आहे. 011-22901701 वर मिस्ड कॉल दिला की नोंदणी होते. ज्यांना अ‍ॅप आवडतं त्यांनी तेही जरूर ठेवावं. फक्त ‘डॉक्टर नको, औषध नको’ ही ओळ खोडून, तिच्या जागी हे दोन क्रमांक टाकून संदेश पुढे पाठवा.