शूर व्हायचंय? आधी साक्षीदार बघा

युद्धवीर व्हायचं असेल तर सैन्यात जायचा विचार आधी डोक्यातून काढा. तिथे गोळ्या लागतात. नागपुरात त्याची काही गरज नाही. पंधरा ऑगस्टच्या आठ दिवस आधी बर्डीच्या बाजारातून एक ठिपक्याठिपक्यांचं फौजी जॅकेट आणा, मिशीला पीळ द्या आणि बोलताना अधूनमधून "आम्ही वर होतो तेव्हा" असं म्हणत राहा. वर म्हणजे कुठे, हे कोणी विचारत नाही. विचारलंच तर डोळे बारीक करून फुटाळा तलावाकडे बघायचं.

तरीही जायचंच असेल, तर शौर्य गाजवण्याआधी इकडेतिकडे बघून घ्या. बघणारा कोणी आहे का? तो जिवंत परतणार का? परतला तर त्याचं कोणी ऐकेल का? पदक छातीवर लागतं, पण मिळतं कागदावर. साइटेशन, म्हणजे पदकासाठीचं शौर्याचं वर्णन, लिहिणारा साहेब वेगळा असतो. चीनच्या युद्धात, १८ नोव्हेंबर १९६२ ला, लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत १३ कुमाऊं पलटणीच्या चार्ली कंपनीने ही साधी काळजी घेतली नाही. सुमारे १२० माणसं, त्यातली ११४ तिथेच पडली. जे मोजके परत आले त्यांनी काय घडलं ते सांगितलं, तर लोकांना खरंच वाटेना. थंडी सरताना मृतदेह सापडले, गोठलेले, आपापल्या मोर्च्यात. साक्ष द्यायला शेवटी मेलेल्यांनाच यावं लागलं.

नावही जरा वेगळं असू द्या. १९९९ ला कारगिलच्या युद्धात टायगर हिलवर लढलेल्या योगेंद्रसिंह यादव यांना परमवीर चक्र जाहीर झालं ते मरणोत्तर. ते तर इस्पितळात होते, जखमी पण जिवंत! शहीद झाला होता तो त्याच नावाचा दुसरा जवान. चूक दुरुस्त झाली, परमवीर हयातीतच मिळालं, सगळ्या देशाला नाव पाठ झालं. दुसऱ्याची ओळख काय? 'त्याच नावाचा दुसरा'.

समोर शत्रूच नसेल तर टोमॅटो सॉस आहेच. ही थट्टा नाही. आसामात २००३ मध्ये साध्या माणसांना सॉस लावून, मेलेले अतिरेकी म्हणून त्यांचे फोटो काढले गेले. पुढे कोर्ट मार्शल झालं, हा भाग सोडला तर कल्पना स्वस्त होती. नागपूरकरांनी मात्र तर्री वापरू नये. डोळ्यात गेली की मेलेला उठून बसतो.

आणि जमलं तर अधिकारीच व्हा. सीताबर्डीची लढाई आठवा, २६-२७ नोव्हेंबर १८१७. इकडे आप्पासाहेब भोसल्यांचे अरब, तिकडे ईस्ट इंडिया कंपनीचे मद्रासी शिपाई. दोन्हीकडचे पगारी, दोन्हीकडचे परमुलखातले. घोडदळ घेऊन घुसलेला कॅप्टन फिट्झजेराल्ड पुस्तकात नावानिशी आहे. रात्रभर टेकडीवर पडून राहिलेले शिपाई आकड्यात आहेत.

एवढं सगळं साधलं की मुख्य पाहुणे म्हणून आमच्या कॉलनीत या. शाल-श्रीफळ तयार आहे, संत्रा बर्फीचा डबाही. गेट उघडायला काका असतील. ते कामठीला लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटच्या सेंटरमध्ये घडले, वीस वर्षं पलटणीत काढली आणि आता आमच्याकडे गार्ड आहेत. म्हणजे बढती नाही तरी खातं तेच राहिलं. लढाईत काय केलं विचारलं तर म्हणतात, "काही नाही जी, वर पाणी अन् गोळ्या नेत होतो." अन् लगेच विषय एक्कांवर नेतात, १४ गार्ड्सच्या, १९७१ च्या गंगासागरच्या लढाईतल्या परमवीर अल्बर्ट एक्कांवर. स्वतःच्या जन्माआधीची गोष्ट, पण सांगताना हात थरथरतो. दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन ते हयातीचा दाखला देऊन येतात. जिवंत असल्याचा पुरावा सरकार त्यांच्याकडे दरवर्षी मागतं. तुमच्याकडे 'वर' असल्याचा मागणार नाही, निश्चिंत असा.

तर तुमची गाडी येईल, काका गेट उघडून टाच जुळवतील आणि हात कपाळाशी नेतील. खांदा जरा आखडलेला आहे, हात पूर्ण वर जात नाही. तुम्ही काच खाली घ्या, जॅकेटची कॉलर नीट करा आणि हसून म्हणा, "काका, सॅल्यूट जरा कडक मारत जा ना बाप्पा, फौजीवानी."