‘अवकाश देसार्गीय, म्हणून प्रतलही देसार्गीय’: स्प्रेडबद्दलचा एक चुकीचा युक्तिवाद

सांत, म्हणजे मोजक्या बिंदूंची, भूमिती शिकणाऱ्यांमध्ये हा युक्तिवाद हातोहात फिरतो: “तीन किंवा जास्त मितींच्या प्रक्षेपीय अवकाशात देसार्गचा सिद्धांत (दोन त्रिकोणांचे जोडीचे शिरोबिंदू जोडणाऱ्या रेषा एका बिंदूत, म्हणजे केंद्रात, मिळत असतील, तर जोडीच्या बाजूंचे छेदबिंदू एका रेषेवर, म्हणजे अक्षावर, येतात) आपोआप खरा असतो. स्प्रेडवरून (अवकाशाचा प्रत्येक बिंदू बरोबर एकदाच व्यापणाऱ्या रेषांच्या संचावरून) प्रतल बनवतो तेही अशाच अवकाशात. म्हणजे हाती येणारं प्रतल देसार्गीयच (देसार्गचा सिद्धांत पाळणारं), क्षेत्रावरून (बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चालणाऱ्या संचावरून) थेट मिळतं तेच. मग स्प्रेडचा खटाटोप कशाला?” त्याला तीन पुरवण्या जोडलेल्या असतात. एक, एकमेकींना न छेदणाऱ्या रेषा उचलत गेलं की स्प्रेड होतोच. दोन, मिती वाढल्या तरी रेषाच घ्यायच्या. तीन, वेगळा स्प्रेड म्हणजे वेगळं प्रतल.

यातलं अवकाशाबद्दलचं पहिलं वाक्य बरोबर आहे. गडबड त्यानंतर सुरू होते.

आधी रचना पाहू. पीजी(३,३) मध्ये, म्हणजे ३ घटकांच्या क्षेत्रावरच्या तीन मितींच्या प्रक्षेपीय अवकाशात, ४० बिंदू आणि १३० रेषा असतात, प्रत्येक रेषेवर ४ बिंदू. यातल्या अशा १० रेषा निवडायच्या की प्रत्येक बिंदू बरोबर एकाच रेषेवर येईल. हा झाला स्प्रेड. आता पीजी(३,३) हे पीजी(४,३) मध्ये अनंतस्थ भाग (जिथे समांतर रेषा भेटतात) म्हणून बसवा. बाहेर उरणारे ८१ बिंदू हे नव्या प्रतलाचे बिंदू. पीजी(४,३) मधली जी प्रतलं अनंतस्थाला स्प्रेडच्या रेषेत छेदतात, त्या नव्या प्रतलाच्या ‘रेषा’. अशा ९० रेषा होतात, प्रत्येकीवर ९ बिंदू. आंद्रे यांनी १९५४ मध्ये हीच गोष्ट गटांच्या भाषेत मांडली होती. ब्रुक आणि बोस यांनी १९६४ मध्ये तिला हे भूमितीय रूप दिलं.

चूक ‘रेषा’ या शब्दात लपलेली आहे. मोठ्या अवकाशातला देसार्ग बोलतो तो त्या अवकाशाच्या स्वतःच्या रेषांबद्दल. नव्या प्रतलाची रेषा मात्र मोठ्या अवकाशाचं एक अख्खं प्रतल असते. नव्या त्रिकोणाच्या बाजू म्हणजे चार मितींत पसरलेली तीन प्रतलं. देसार्गची नेहमीची सिद्धता त्रिमितीत दोन प्रतलं रेषेत छेदतात यावर उभी असते. इथे दोन बाजू फक्त एका बिंदूत भेटतात. त्यामुळे सिद्धता पुढे सरकतच नाही.

सिद्धता लागू नाही म्हणजे निष्कर्ष खोटा असं नाही, हे मान्य. म्हणून उदाहरण हातानेच तपासा. ८१ सदिश (क्ष, य) अशा जोड्यांत लिहा. क्ष आणि य प्रत्येकी मॉड्युलो ३ मधल्या (३ ने भागून उरणाऱ्या बाकीच्या) दोन अंकांचे आडवे सदिश. आरंभबिंदूतून जाणाऱ्या दहा रेषा: क्ष = ०, आणि य = क्ष·म अशा नऊ, जिथे म ही २×२ मॅट्रिक्स. यातली प्रत्येक स्प्रेडच्या एकेका रेषेशी जुळते. अट एकच: नऊपैकी कोणत्याही दोन मॅट्रिक्सच्या फरकाचा निश्चयक शून्य नको. अशा ३६ जोड्या होतात. प्रोग्राम लिहिणारे पुष्कळदा प्रत्येक मॅट्रिक्सचा निश्चयक तपासतात आणि फरकांचा विसरतात. मग दोन रेषा एका बिंदूवर चढतात आणि दुसरीकडे बिंदू उघडे पडतात.

ई म्हणजे एकक मॅट्रिक्स, अ = [० १; २ ०]. पहिली यादी: ०, ±ई, ±अ, ±(ई+अ), ±(ई−अ). हे ९ घटकांचं क्षेत्रच आहे, त्यामुळे प्रतल देसार्गीय. आता शेवटच्या चार काढा. त्यांचा निश्चयक २ आहे आणि त्यांच्या चार रेषा मिळून एक रेग्युलस होतो, म्हणजे त्या चारींना छेदणाऱ्या आडव्या चार रेषाही तेच बिंदू व्यापतात. त्या जागी ±ब, ±ड ठेवा, जिथे ब = [१ १; १ २] आणि ड = [१ २; २ २]. नव्या चार रेषा जुन्या चारांचेच १६ बिंदू व्यापतात, फक्त आडव्या दिशेने. ई+अ ची पहिली ओळ (१ १) ही ब ची पहिली ओळ आहे आणि दुसरी ओळ (२ १) ही −ब ची दुसरी. म्हणजे एकच जुनी रेषा दोन नव्या रेषांना एकेका बिंदूत छेदते. नव्या यादीतल्या आठही शून्येतर मॅट्रिक्सचा निश्चयक १ आहे. प्रतल देसार्गीय असतं, तर ० आणि ई असलेली ही यादी क्षेत्र असायला हवी होती, म्हणजे बेरजेला बंदिस्त. पण ई+अ चा निश्चयक २, ती यादीत नाही. दावा इथेच मोडला. या प्रतलाला नऊ ऑर्डरचं हॉल प्रतल म्हणतात (ऑर्डर म्हणजे अनंतस्थ बिंदू सोडून रेषेवरच्या बिंदूंची संख्या). देसार्गचा एक तुकडा मात्र त्यातही शिल्लक राहतो: अक्ष अनंतस्थ रेषा आणि केंद्र तिच्यावर असेल, तर सिद्धांत चालतो. ८१ स्थानांतरं (सगळे बिंदू एकाच सदिशाने सरकवणं) त्याचीच साक्ष.

आता पुरवण्या. रेषा उचलत जाण्याची युक्ती पीजी(३,२) मध्ये कधीच अडत नाही. १५ बिंदू, ५ रेषा, काम झालं. बहुधा या समजाचं मूळ तिथेच असावं. पीजी(३,३) मध्ये सात रेषांवर अडकता येतं: १२ बिंदू मोकळे, पण त्यांत एकही पूर्ण रेषा नाही. नऊ जमल्या तर दहावी मिळतेच, आणि कारण साध्या मोजणीत आहे. प्रतलात १३ बिंदू. नऊपैकी एक रेषा त्यात पूर्ण असेल तर ४ + ८ = १२ व्यापले जातात, मोकळा १. नसेल तर ९ व्यापले, मोकळे ४. एकूण मोकळे बिंदू चारच, म्हणून त्यांतल्या दोघांतून जाणारं प्रत्येक प्रतल चौघांनाही घेतं. अर्थात चौघे एका रेषेवर. संगणकावर शोधायचं असेल तर हा ‘एक्झॅक्ट कव्हर’चा (प्रत्येक बिंदू बरोबर एकदाच झाकण्याचा) प्रश्न समजा आणि अडल्यावर मागे येण्याची सोय ठेवा. सगळे स्प्रेड मोजून ८४२४ आले नाहीत, तर कोडमध्ये चूक आहे.

मितींची चूक जास्त महागात पडते. आठ ऑर्डरसाठी पीजी(५,२) मधले ६३ बिंदू प्रत्येकी ७ बिंदूंच्या ९ प्रतलांत वाटावे लागतात. २१ रेषांतही ते नीट वाटले जातात, म्हणून फसगत होते. पण मग प्रत्येक ‘रेषे’वर ४ बिंदू आणि प्रत्येक बिंदूतून २१ रेषा. बाहेरच्या बिंदूतून चारच रेषा दिलेल्या रेषेला भेटतात, १७ भेटत नाहीत. समांतर रेषा एकच हवी होती.

तिसरी पुरवणी आकड्यांनीच निकालात निघते. पीजी(३,२) मध्ये ५६ स्प्रेड, प्रतल एक. पीजी(३,३) मधल्या ८४२४ पैकी २१०६ देसार्गीय प्रतल देतात आणि ६३१८ हॉलचं, प्रतलं दोनच. उलट सोळा ऑर्डरची ट्रान्सलेशन प्लेन (स्प्रेडमधून मिळणारी प्रतलं) आठ आहेत, पण पीजी(३,४) मध्ये शोधलंत तर तीनच सापडतील. बाकीच्या पाचांसाठी पीजी(७,२) मध्ये उतरावं लागतं.

हे वाचून ‘सगळीच सांत प्रतलं स्प्रेडमधून येतात’ अशी उलटी उडी मात्र मारू नका. लॅम, कोलेसोवा आणि थील यांनी १९९१ मध्ये नऊ ऑर्डरची प्रक्षेपीय प्रतलं नेमकी चार असल्याचं दाखवलं. त्यांतली दोन वर आली. तिसरं हॉलचं द्वैत (बिंदू आणि रेषांची अदलाबदल केलेलं प्रतल), जे स्वतः ट्रान्सलेशन प्लेन नाही. चौथं ह्यूजचं, ते ट्रान्सलेशन प्लेन नाही आणि त्याचं द्वैतही नाही.